गाडीतली शांतता आणि ड्रायव्हरचे कान

पुण्याहून अहिल्यानगरला जाणारा रस्ता शिरूरवरून जातो. आपल्या एस.टी.च्या इतिहासात ह्या रस्त्याला मानाचे स्थान आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान धावली. त्यानंतर बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाची विजेवर चालणारी पहिली ‘शिवाई’ बस धावली, तीही ह्याच मार्गावर.

विद्यार्थी मित्रहो, कधी शिरूरला ह्या रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि डोळे मिटून नुसते ऐका. डिझेलवर चालणारी जुनी एस.टी. दुरूनच ओळखू येते. तिची घरघर छातीत जाणवते, आत बसले तर खिडकीच्या काचा खडखडतात आणि शेजाऱ्याशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. विजेची बस जवळ येते तेव्हा ऐकू येतो तो मुख्यतः टायरांचा आणि वाऱ्याचा आवाज. दौंडकडच्या मुलांना हाच फरक रेल्वेत अनुभवता येतो. पुणे–दौंड मार्गावर २०१७ साली डेमू गाडी सुरू झाली. हिचे डिझेल इंजिन गाडीच्याच एका डब्यात बसवलेले असते. त्या डब्यात बसलेल्या प्रवाशाला जी धडधड सोसावी लागते, ती विजेच्या इंजिनामागे जोडलेल्या डब्यात नसते.

वर्गात हा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, बाहेरचा आवाज घालवणारे हेडफोन मिळतात. महागड्या मोटारींतही तशी योजना असते म्हणे. मग ती आमच्या एस.टी.त का बसवत नाहीत?” प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर द्यायचे तर आधी भौतिकशास्त्राची चांगली उजळणी करावी लागते आणि शेवटी भौतिकशास्त्राच्या बाहेरच्या एका प्रश्नापाशी येऊन थांबावे लागते. तो प्रश्न असा : शांततेवर पहिला हक्क कोणाचा?

आवाजावर आवाजाचा उतारा

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार, हे तुम्ही शिकला आहात. दाब क्षणभर वाढतो, क्षणभर कमी होतो. आता एका आवाजाने जेथे दाब वाढतो, तेथे त्याच क्षणी दुसऱ्या आवाजाने दाब तेवढाच कमी केला तर? अधिक पाच आणि उणे पाच मिळून शून्य. दोन आवाज मिळून शांतता! पाण्यावरच्या दोन लाटांपैकी एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येऊन पडावा, तसाच हा प्रकार आहे. ह्यालाच लहरींचे व्यतिकरण म्हणतात.

नको असलेल्या आवाजाच्या नेमक्या उलट असा जो आवाज मुद्दाम निर्माण करायचा, त्याला आपण ‘विरोधी ध्वनी’ म्हणू. ‘प्रतिध्वनी’ म्हटले तर डोंगराच्या कड्यावरून परत येणारा आवाज डोळ्यांपुढे येईल आणि घोटाळा होईल. विरोधी ध्वनीने गोंगाट कमी करण्याच्या ह्या पद्धतीला सक्रिय ध्वनिनियंत्रण असे नाव आहे. जाड पत्रा, फोम, रबर, सायलेन्सर यांनी आवाज अडवणे किंवा शोषून घेणे ही निष्क्रिय पद्धत.

येथे चाणाक्ष विद्यार्थी अडवील : आवाज नाहीसा झाला तर त्याची ऊर्जा कोठे गेली? ती नष्ट होत नाही. काही वेळा एका ठिकाणी आवाज कमी होतो, तेव्हा दुसऱ्या ठिकाणी तो वाढतो. आणि दोन्ही स्रोत एकमेकांच्या अगदी जवळ असले, तर त्यांतून हवेत मुळात ऊर्जाच कमी टाकली जाते. एक हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा ती मागे ओढून घेतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाला कोठेही धक्का लागत नाही.

कल्पना जुनी, साधने नवी

ही कल्पना आजकालची नाही. जर्मनीतील पाउल ल्युग ह्या संशोधकाने १९३३ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३६ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. नळीतून येणारा आवाज मायक्रोफोनने टिपायचा आणि पुढे बसवलेल्या ध्वनिक्षेपकातून उलटी लहर सोडायची, अशी त्याची योजना होती. तत्त्व अचूक होते. पण त्या काळच्या निर्वात नळ्यांच्या उपकरणांना एवढी चपळाई जमणारी नव्हती. पुढे १९६० साली बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी एक सोपी गणिती रीत शोधली. उरलेली चूक मोजायची, ती कमी होईल अशा दिशेने किंचित सुधारणा करायची आणि हेच पुन्हा पुन्हा करीत राहायचे. गणित सोडवताना आपणही हेच करतो! स्वस्त आणि जलद संगणक-चकत्या आल्यावर ह्या रीतीने ल्युगची कल्पना व्यवहारात उतरली.

ह्या कथेत आपल्याला जवळचे वाटावे असे एक नाव आहे, अमर बोस यांचे. त्यांचे वडील बंगालमधील क्रांतिकारक. इंग्रजांच्या ससेमिऱ्यामुळे त्यांना देश सोडून अमेरिकेला जावे लागले. अमर बोस तेथे एम.आय.टी. ह्या संस्थेत प्राध्यापक झाले. १९७८ साली झुरिकहून विमानाने परतताना त्यांनी विमानात मिळालेले हेडफोन कानांना लावले, तर इंजिनांच्या घरघरीत संगीत बुडून गेले. त्याच प्रवासात त्यांनी कागद काढून विरोधी ध्वनीची आकडेमोड सुरू केली. डिसेंबर १९८६ मध्ये ‘व्हॉयेजर’ हे विमान न थांबता, वाटेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. नऊ दिवस इंजिनाच्या गोंगाटात बसलेल्या त्याच्या दोन्ही वैमानिकांनी बोस यांचे प्रायोगिक हेडफोन वापरले होते. बाजारात येण्यापूर्वी ह्या साधनाचा उपयोग काम करणाऱ्या माणसाचे कान वाचवण्यासाठी झाला, हे लक्षात ठेवा. आपल्याला पुढे त्याची गरज लागणार आहे.

मोटारीत ही पद्धत १९९० च्या दशकाच्या प्रारंभी जपानमध्ये, निसान कंपनीच्या ब्लूबर्ड गाडीतून आली. पंख्याच्या विमानांतही ती वापरली गेली. भारतात स्पाइसजेटने २०११ पासून वापरलेल्या क्यू-४०० विमानांच्या नावातील ‘क्यू’ हे अक्षर ‘क्वाएट’ म्हणजे शांत ह्या शब्दावरून घेतलेले आहे. त्या विमानात हीच योजना असते.

मग एस.टी.त का नाही?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, एका बसला सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे आणि ते मिनिटाला १८०० फेरे घेते आहे. म्हणजे सेकंदाला ३० फेरे. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. म्हणून सहा सिलिंडर मिळून एका फेऱ्यात तीन स्फोट, आणि सेकंदाला ३० गुणिले ३ म्हणजे ९० स्फोट. बसमधल्या घरघरीचा मुख्य सूर म्हणून ९० हर्ट्झचा असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर ह्या सुराची तरंगलांबी सुमारे ३.८ मीटर येते.

हा आकडा फार महत्त्वाचा आहे. विरोधी ध्वनीने एखाद्या बिंदूपाशी आवाज दाबला, तर त्या बिंदूभोवती साधारण तरंगलांबीच्या एक दशांशाएवढ्याच टापूत चांगली, म्हणजे दहा डेसिबेलांच्या आसपास, शांतता मिळते. ९० हर्ट्झला हा टापू ३८ सेंटिमीटरांचा, म्हणजे एका डोक्यापुरता. ३००० हर्ट्झच्या कर्कश आवाजासाठी तो जेमतेम एक सेंटिमीटरचा! डोके थोडे हलले की शांतता संपली. म्हणून विरोधी ध्वनी खालच्या सुरांवर चालतो, वरच्या सुरांवर नाही. हेडफोनमध्ये तो चालतो, कारण तेथे मायक्रोफोन, ध्वनिक्षेपक आणि कान एकमेकांना चिकटून असतात.

लहान मोटारीची आतली जागा दोन मीटरांच्या आसपास, म्हणजे ९० हर्ट्झच्या लहरीपुढे लहानच. त्यामुळे चार-पाच ध्वनिक्षेपकांनी सगळ्या आसनांवर घरघर कमी करता येते. बस मात्र लांबलचक. तिच्यात ह्या लहरी दोन-तीनदा मावतात, पुढे-मागे परावर्तित होतात आणि प्रत्येक आसनापाशी वेगळे चित्र उमटते. पहिल्या रांगेत शांतता केली, तर पाचव्या रांगेत गोंगाट वाढण्याचा संभव.

शिवाय वेळेचा हिशोब आहे. विरोधी ध्वनी नेमका उलटा हवा. तो पूर्ण चक्राच्या एक षष्ठांशाने चुकला तर काहीच फायदा होत नाही, आणि त्याहून जास्त चुकला तर गोंगाट वाढतो! ९० हर्ट्झला हा एक षष्ठांश म्हणजे सेकंदाचे दोन सहस्रांशही नव्हे. ३००० हर्ट्झला तर सेकंदाचा अठराहजारावा भाग. इंजिनाचा सूर निदान नियमित असतो, त्याचा पुढचा ठोका केव्हा पडणार हे आधी सांगता येते. रस्त्याचा आवाज मात्र खडीच्या प्रत्येक दाण्यागणिक बदलतो. तो पकडण्यासाठी चाकांजवळ कंपने मोजणारी साधने लावावी लागतात. कंपने पत्र्यातून प्रवास करून आवाज बनून कानापाशी पोहोचतात, तेवढ्या अवधीत संगणकाला उत्तर काढून ठेवावे लागते. ह्युंदाई कंपनीने २०१९ साली अशी योजना जाहीर केली तेव्हा सांगितले होते की सगळे गणित ०.००२ सेकंदात होते आणि गाडीतला रस्त्याचा आवाज ३ डेसिबेलांनी घटतो. हे यश मोठे आहे, त्याचे कौतुकच करायला हवे. पण ह्या ‘३ डेसिबेल’चा अर्थ काय?

तीन डेसिबेलची किंमत

डेसिबेलची मोजणी सरळ नाही, ती गुणाकाराची आहे. ३ डेसिबेल कमी म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी. म्हणून जाहिरातीत ‘आवाज निम्मा झाला’ असे लिहिता येते, आणि ते खोटेही नसते. पण आपल्या कानाला आवाज निम्मा भासण्यासाठी साधारण १० डेसिबेल कमी व्हावे लागतात. ३ डेसिबेलचा फरक कानाला कळतो, इतकेच. ऊर्जा आणि संवेदना ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजमाप वाचताना त्यांची गल्लत करू नका.

उलट बाजूही सांगायला हवी. गोंगाट मोजण्याचे नेहमीचे उपकरण माणसाच्या कानाप्रमाणे खालच्या सुरांना कमी महत्त्व देते. १०० हर्ट्झच्या आवाजातून ते सुमारे १९ डेसिबेल वजा करूनच आकडा दाखवते. त्यामुळे इंजिनाची घरघर बरीच कमी केली, तरी उपकरणावरचा आकडा फारसा हलत नाही. पण प्रवाशाला विचारा. डोक्यातला घुमारा गेला, बरे वाटले, असेच तो सांगेल. शिवाय घरघरीखाली झाकलेले बोलणे व संगीत आता हळू आवाजातही ऐकू येते. झाकलेले दुसरेही काही उघडे पडते. इंजिन शांत झाले की खिडकीची सैल काच, आसनाचा करकर आवाज, टायरांची सळसळ हे सारे नव्याने कानावर येते. विजेच्या गाड्या बनवणाऱ्यांना हा अनुभव रोजचा आहे.

गंमत अशी, की इंजिन फारच शांत झाले तर काही गिऱ्हाइकांना चैन पडत नाही. बीएमडब्ल्यूच्या २०११ सालच्या एम-५ मोटारीत इंजिनाचा आवाज ध्वनिक्षेपकांतून मुद्दाम आत वाजवला जाई! एका हाताने आवाज पुसायचा आणि दुसऱ्या हाताने रंगवायचा. हौसेला मोल नाही, हे खरे. परंतु गाडीच्या आवाजावरून आपण वेगाचा अंदाजही बांधत असतो. फार शांत गाडीत वेग असतो त्यापेक्षा कमी भासतो, हेही तरुण चालकांनी ध्यानात ठेवावे.

आराम वेगळा, रक्षण वेगळे

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

शिरूर आणि दौंड हे घोड आणि भीमेच्या काठचे तालुके, उसाचे तालुके. हंगामात शिरूर–न्हावरे–चौफुला रस्त्याने गेलात, तर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर ओळीने दिसतील. बहुतेकांना बंदिस्त केबिन नसते. चालक इंजिनाच्या मागेच, धुराड्याच्या आवाजात उघड्यावर बसलेला असतो. अशा ट्रॅक्टरवर पूर्ण भार असताना चालकाच्या कानाशी ९० डेसिबेल किंवा त्याहूनही अधिक आवाज असू शकतो. त्यावर कित्येकदा गाणी लावलेली असतात, आणि ती इंजिनावर मात करून ऐकू यावीत म्हणून आणखी मोठ्याने. म्हणजे गोंगाटाच्या डोक्यावर गोंगाट.

कानांचे गणित कठोर आहे. अमेरिकेतील निओश ही कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी संस्था सांगते, की ८५ डेसिबेलमध्ये दिवसाला आठ तासांपेक्षा अधिक राहू नये, आणि आवाज ३ डेसिबेलने वाढला की मुदत निम्मी करावी. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एकच तास. आपल्या देशात कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबेलची मर्यादा आहे. पण ऊस वाहणारा ट्रॅक्टरचालक कारखान्याच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर असतो. त्याच्या कानाशी मोजमापाचे यंत्र धरणार कोण?

आता ‘३ डेसिबेल’चा हिशोब पुन्हा करा. महागड्या मोटारीत ३ डेसिबेल म्हणजे थोडा अधिक आराम. ट्रॅक्टरच्या आसनावर ३ डेसिबेल म्हणजे कान सुरक्षित राहण्याची मुदत दुप्पट. आकडा तोच, पण किंमत किती निराळी!

मात्र येथे विरोधी ध्वनी एकटा पुरा पडत नाही, आणि हे समजून घेणे फार आवश्यक आहे. गोंगाटाने कान निकामी होऊ लागतात ते प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासच्या सुरांपाशी. बोलण्यातली स, श, ट, क ही व्यंजने वरच्या सुरांतली. ती पुसट होऊ लागली की माणूस म्हणतो, “ऐकू येते, पण नीट कळत नाही.” एकदा गेलेली ही शक्ती परत येत नाही. विरोधी ध्वनी ज्या खालच्या सुरांवर प्रभावी आहे, ते हे सूर नव्हेत. घरघर गेली म्हणून कान वाचले, असे समजणे धोक्याचे आहे. आराम वेगळा, रक्षण वेगळे.

मग विरोधी ध्वनी कुचकामी का? मुळीच नाही. जेथे निष्क्रिय उपाय थकतात, नेमके तेथे तो कामाला येतो. १०० हर्ट्झचा आवाज शोषायचा तर फोमची जाडी तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे ८५ सेंटिमीटर हवी! पत्रा लावून अडवायचा तर वजन दुप्पट करावे तेव्हा सुमारे ६ डेसिबेल कमी होतात, आणि ते वजन वाहायला इंधन लागते. उलट ४००० हर्ट्झचा आवाज बोटभर जाडीच्या कानपट्टीनेही चांगला अडतो. म्हणून वरच्या सुरांना भिंत आणि खालच्या सुरांना विरोधी ध्वनी, ही जोडी खरी. ‘व्हॉयेजर’च्या वैमानिकांच्या कानांवर हीच जोडी होती. ट्रॅक्टरचालकाच्या आणि एस.टी. ड्रायव्हरच्या वाट्याला ती का येऊ नये?

माझे मत

माझे मत असे, की गोंगाटावरचे उपाय एका क्रमाने करावेत, आणि तो क्रम उलटा करू नये.

पहिला उपाय उगमापाशी. सायलेन्सर फुटला तर तो बदलावा, इंजिनाखालचे रबर झिजले तर नवे घालावे, सैल पत्रे आवळावेत, हॉर्न गरजेपुरता वाजवावा. शक्य तेथे इंजिनच बदलावे. ‘शिवाई’ने जी शांतता आणली तिला मायक्रोफोन लागला नाही. ह्या उपायाचा मोठेपणा असा, की तो सर्वांना पुरतो. गाडीत बसलेल्याला, रस्त्याच्या कडेला भाजी विकणाऱ्या मावशींना, आणि रस्त्यालगतच्या शाळेत फळ्याकडे पाहत बसलेल्या मुलांनाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबेलची मर्यादा आहे, आणि शाळेभोवतीचे किमान १०० मीटर हे असे क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. गाडीच्या आत बसवलेला विरोधी ध्वनी ह्या शाळेला काडीचाही उपयोगी पडत नाही. तो काचा बंद करून बसलेल्यांपुरता असतो.

दुसरा उपाय वाटेवर. केबिन, अस्तर, कानपट्ट्या. आणि तिसरा उपाय कानापाशी, म्हणजे विरोधी ध्वनी. तोही आधी दिवसभर गोंगाटात बसणाऱ्याला. बस लांब असल्याने सगळ्या प्रवाशांना तो देता येत नाही, हे आपण पाहिले. पण ड्रायव्हरचे आसन एकच असते, डोके फारसे हलत नाही, आणि इंजिनाचा सूरही ठाऊक असतो. त्याच्या डोक्यामागच्या उशीत दोन ध्वनिक्षेपक व दोन मायक्रोफोन बसवून त्या ३८ सेंटिमीटरांत शांतता करणे, हा प्रश्न भौतिकशास्त्राने सोडवलेला आहे. प्रवासी दोन तासांनी उतरून जातो; ड्रायव्हर आणि कंडक्टर नोकरीभर तेथेच असतात. थकलेला ड्रायव्हर आपल्या सर्वांचाच जीव हातात घेऊन बसलेला असतो, हा स्वार्थाचा मुद्दाही विसरू नका.

कोणी म्हणेल, नवी साधने आधी श्रीमंतांच्या गाड्यांत येतात, मग स्वस्त होऊन सर्वांपर्यंत पोहोचतात. त्यात वावगे काय? हे बरेचसे खरे आहे. घड्याळ, रेडिओ, टेलिफोन असेच आले. पण साधन आपोआप पाझरत खाली येते, असे मानून स्वस्थ बसता येत नाही. मोटारीसाठी केलेले गणित ट्रॅक्टरला जसेच्या तसे लागू पडत नाही. तेथे धूळ आहे, पाऊस आहे, बदलता भार आहे, डोक्याला मुंडासे आहे. ते गणित कोणीतरी मुद्दाम बसून करावे लागेल. त्याची साधने आपल्या जिल्ह्यात आहेत. १९६६ साली स्थापन झालेली, वाहनांचा आवाज आणि कंपने तपासणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे. मोटारी बनवणारा मोठा कारखाना शिरूर तालुक्यातच, रांजणगावला आहे. उणीव आहे ती हा प्रश्न आपला मानणाऱ्या तरुणांची.

तुम्ही काय कराल?

प्रथम हा प्रयोग करा. एकसारखे दोन ध्वनिक्षेपक घ्या आणि त्यांना मोबाइलमधून २०० हर्ट्झचा एकच सूर द्या. आता त्यांपैकी एकाच्या दोन तारांची अदलाबदल करा आणि दोघांची तोंडे समोरासमोर, अगदी जवळ आणा. आवाज एकदम बसेल. मग त्यांना हळूहळू दूर न्या. आवाज परत येईल. आता १००० हर्ट्झचा सूर द्या. ध्वनिक्षेपक थोडे दूर सरकताच परिणाम नाहीसा होतो, हे दिसेल. सगळा लेख ह्या दोन मिनिटांच्या प्रयोगात आहे.

त्यानंतर मोजणी करा. मोबाइलवरील आवाजमापकाचा आकडा अगदी अचूक नसतो, पण दोन ठिकाणांची तुलना करायला तो चालतो. एस.टी.ने शाळेला जाता-येता ड्रायव्हरच्या मागची जागा, मधली जागा आणि शेवटची जागा येथे मोजा. एकच मोबाइल वापरा, एकाच वेगाला मोजा, आणि प्रत्येक आकडा तीनदा घ्या. उसाचा ट्रॅक्टर घरी असेल तर तो उभा असताना, गाणी लावून आणि गाणी बंद करून मोजा, आणि ते दोन आकडे चालवणाऱ्या काकांना किंवा दादांना दाखवा. उपदेश करू नका. नुसते आकडे दाखवा आणि ८५, ८८, ९१ चा हिशोब समजावून सांगा. शिक्षकांना माझी विनंती आहे, की हे तक्ते विज्ञान प्रदर्शनात जरूर लावावेत. कागदी ज्वालामुखीपेक्षा त्यांची गावाला अधिक गरज आहे.

आणि पुढे तुमच्यापैकी कोणी अभियंता झाला, ध्वनिशास्त्र शिकला आणि गाड्या शांत करण्याच्या कामाला लागला, तर त्याने हे काम अवश्य मन लावून करावे. ते सुंदर काम आहे. फक्त मायक्रोफोन कोठे बसवायचा हे ठरवताना एकदा शिरूरच्या स्टँडवरचा ड्रायव्हर आठवावा. रात्रीची फेरी संपवून तो खाली उतरतो, कोणी हाक मारली तर दोनदा मारावी लागते. पहिला मायक्रोफोन त्याच्या उशीत हवा.